शेवटच्या बाकावरचं बसकर

सर,

आज वर्गात एक गोष्ट घडली आणि ती सांगायला शाळेत कुणी सापडलं नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. म्हणून घरी येऊन तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही सांगायचं म्हटलं की तुमचाच चेहरा समोर येतो. याचा कधीकधी मला रागही येतो.

चिकलठाण्याच्या शाळेत मी नवी होते. आजूबाजूला कारखाने उभे राहत होते, पोरांचे बाप पाळी सुटली की फाटकाशी सायकल टेकवून उभे राहायचे. माझ्या घरातल्या सगळ्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. शिकवायला उभी राहणारी मीच पहिली. पाठ केलेला धडा घडाघडा म्हणून टाकायचे. अशात तुम्ही, शाळेतले जुने शिक्षक, न विचारता माझ्या भूगोलाच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसलात. त्या बाकाचा खिळा वर आलेला, म्हणून काखेत गोधडीच्या तुकड्यांचं बसकर. तास संपेपर्यंत तिथंच बसलात. मग फाटकासमोरच्या टपरीवर चहा सांगून म्हणालात, "बाई, आज तुम्ही खिडकीला भूगोल शिकवलात. खिडकी पास होईल, पोरांचं काय?" मी चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "आता माझ्या तासाला या आणि माझी खोड सांगा. एकच सांगायची, दुसरी नाही." तेव्हापासून दर शुक्रवारी आपण एकमेकांच्या वर्गात बसू लागलो.

मग नामांतराचे दिवस आले. जाळपोळ, संचारबंदी. शाळा पुन्हा उघडते तेव्हा माझ्या वर्गातले बाक दोन बाजूंना सरकलेले आहेत: दलित वस्तीतली पोरं दाराच्या बाजूला, बाकीची खिडकीच्या, मधे मोकळी जागा. मी फळ्याकडं वळून तारीख लिहीत राहते. तुम्ही बसकर घेऊन येता आणि वस्तीतल्या पोरांत जाऊन बसता, नेहमीसारखे. त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आपली माणसं सोडून तिकडं कशाला बसता?" तुम्ही भिक्षुकाच्या घरातले, म्हणून हा प्रश्न. तुम्ही म्हणालात, "विद्यापीठाचं नाव बदललंच पाहिजे असं माझं मत आहे. आणि बसायला जागा तिकडंच होती." त्या दिवसापासून तुमच्याबरोबर चहाला कुणी आलं नाही. मी तेवढी यायचे.

एकदा मी विचारलं होतं, "सर, एवढं होऊन रोज हसत वर्गात कसं जाता?" बशीत चहा ओतत तुम्ही म्हणालात, "मलाही नाही कळत. कळलं की सांगतो." ते सांगायचं राहून गेलं. निवृत्तीच्या दिवशी बसकर माझ्या हातात दिलंत आणि थोड्याच दिवसांत गेलात. पुढं विद्यापीठाला नाव लागलं, त्या संध्याकाळी सवयीनं तुम्हाला सांगायला मी औरंगपुऱ्यातल्या तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि तशीच परत फिरले.

बसकर घेऊन मी दोघातिघांच्या तासाला गेलेही होते. "बाई, तपासणी हाय का काय?" असं ऐकल्यावर सोडून दिलं. मग ते माझ्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावर टाकून ठेवलं. वर्गात शिरले की आधी नजर तिकडं जायची. वर्षानुवर्षं तेच नकाशे, त्याच नद्या. शिकवण्यातला जीव कधी गेला ते मलाही कळलं नाही. यंदा ठरवलं, पुरे झालं. स्वेच्छानिवृत्तीचं सोमवारी सांगते, असं मुख्याध्यापिकांना बोलून ठेवलं होतं. आज सोमवार.

नद्यांचाच धडा चालू होता. एक मुलगी उठली. "बाई, हर्सूलच्या तळ्याचं पाणी खाम नदीतनं जातं कुठं?"

"गोदावरीला."

"आन् आपल्या नळाला गोदावरीच्याच धरणाचं येतं ना? मग आपलंच सांडलेलं आपण परत पितो व्हय?"

वर्ग हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थबकले. खाम धरणाच्या वर मिळते की खाली, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. मी म्हणाले, "मला नाही माहीत. चला, बघू." नकाशा खाली उतरवला, पोरं गोळा झाली, "नाय बाई, वरच मिळती," म्हणून एकजण फळ्यावरच भांडायला आला. माझ्या केसांत खडूची भुकटी. घंटा कुणालाच ऐकू आली नाही.

वळून बघते तर शेवटच्या बाकावर, तुमच्या बसकरावर, यंदाच लागलेली तरुण शिक्षिका. "सुरुवातीलाच आले होते मॅडम. बसू का विचारणार होते, पण तुमचं लक्षच नव्हतं."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "एक खोड सांग. एकच."

ती चाचरली. "खिडकीकडच्या पोरींना फळा दिसत नव्हता मॅडम. तुम्ही मधे उभ्या होतात."

किती वर्षांनी मी अशी हसले. मुख्याध्यापिकांकडं गेलेच नाही. शुक्रवारी तिच्या तासाला बसायचं ठरलंय. बसकर धुऊन वाळत घातलंय.

हे पत्र कपाटात राहील, दुसरं कुठं जाणार? रोज हसत वर्गात कसं जाता, ते तुमचं सांगायचं राहिलं, त्याबद्दल आता तक्रार नाही. फक्त एक कबूल करते. आज अख्खा तास मला तुमची आठवण आली नाही, सर. आणि घरी येताना रिक्षात त्याचंच रडू आलं.