मागच्या अंगणासह घर, जखमी जनावरांना

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चोपन्न, व्यवसाय वर्तमानपत्रातून आठवड्याला एकदा लोकांना नावं ठेवणे, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आलेली मंडळी चहा पिऊन परत गेली. भांडणाच्या भरात ‘तुला माझ्या घरातलं एक भांडंही मिळायचं नाही’ असं मी ज्यांना ज्यांना बजावलं, ती सर्व तोंडी मृत्युपत्रं याद्वारे रद्द.

कलम पहिले. मी आणि माझ्या नवऱ्यानं बांधलेलं राहतं घर, तीन खोल्या (पुढच्या खोलीबद्दल कलम चौथे पाहावं) आणि मागचं लांबट अंगण, गावाबाहेरच्या जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला द्यावं. हे केंद्र सध्या लाकडाच्या वखारीमागच्या भाड्याच्या शेडमध्ये आहे. वखारवाल्याला शेड परत हवी आहे. स्वतःची जागा दाखवता आली नाही तर केंद्राचा परवाना जाईल आणि अर्धवट बरी झालेली जनावरं कुठे पाठवायची, हे कोणालाच ठाऊक नाही. केंद्रानं माझ्या मरणाची वाट बघू नये. मागचं अंगण आणि त्याला लागून असलेली खोली त्यांनी येत्या महिन्यापासूनच वापरावी. मी पुढच्या दोन खोल्यांत मावते.

कारण विचारलं जाईल, म्हणून सांगते. नवरा गेला तेव्हा घरात सांत्वनाची रीघ लागली. ‘जगरहाटी आहे’, ‘सुटला बिचारा’, ‘आता लिहिण्यात मन रमव’. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, पण तेव्हा शब्द दिसला की अंगावर काटा यायचा. त्याच दिवसांत झाडावर टाकलेल्या जाळीत एक वटवाघूळ अडकलं. जाळी कापून, खोक्यात घालून मी ते केंद्रावर नेलं आणि वाटभर त्याला ‘घाबरू नकोस हं राजा’ म्हणत राहिले. दारातच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं.

“ताई, आत बोलायचं नाही.”

“अहो, मी त्याला धीर देतेय!”

“तुमच्या धीरानंच ते मरेल. माणसाचा आवाज त्याला परकाच वाटला पाहिजे. एकदा ओळख झाली की सोडता येत नाही.”

आणि हातात जाड मोजे देऊन त्यांनी मला बसवलं. समोर वटवाघूळ, हातात फळांच्या रसाची पिचकारी, आणि खोलीत चार माणसं काम करत असूनही चकार शब्द नाही. कोणी ‘कशी आहेस’ म्हणालं नाही. मी तिथे मनसोक्त रडले, तर डॉक्टरीणबाईंनी फक्त रसाची वाटी माझ्या आसवांपासून दूर सरकवली. इतकी माया मला त्या वर्षात कोणी केली नव्हती. पंख सांधल्यावर वटवाघूळ उडालं, ते मागे न बघता. तिथे याला यश म्हणतात. मी मात्र दर आठवड्याला परत जात राहिले. त्या जागेचे माझ्यावर उपकार आहेत आणि घर देऊनही ते फिटणार नाहीत.

कलम दुसरे. माझी बँकेतली शिल्लक आणि पुस्तकांचं मानधन केंद्राच्या औषधपाण्यासाठी. अट एकच: माझ्या नावाची पाटी लावू नये. फरशीवाल्या शेटजींनी एक पिंजरा दिला आणि उद्घाटनाला बिबट्याच्या बछड्यासोबत फोटो मागितला. बछड्यानं शेटजींचा कोट फाडला, तेवढीच त्या समारंभातली प्रामाणिक प्रतिक्रिया. माझा पैसा आधी ज्यांचे फोटो चांगले येत नाहीत त्यांच्यावर खर्चावा: वटवाघूळ, साळिंदर, साप.

कलम तिसरे. माझे सगळे छापील लेख, गठ्ठ्यांसह, पिंजऱ्यांत अंथरायला. संपादकसाहेबांनी माझ्या ज्या ओळी कापल्या, त्या त्यांच्याकडेच राहू द्याव्यात.

कलम चौथे. ~~पुढची खोली आणि नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला.~~ हे कलम खोडलं आहे. खोडाखोडीचं कारण असं:

घर जाणार म्हटल्यावर वहिनी कडाडल्या, “माणसं उपाशी मरतायत आणि या जनावरांना घरं वाटतायत!” मी म्हटलं, “वहिनी, उपाशी माणसांसाठी तुम्ही कुठली खोली रिकामी केलीय ते सांगा, मी पत्ता छापते.” ‘माझं घर खाणारं जनावर तरी बघून येतो’ म्हणून दादा केंद्रावर गेला होता आणि तिथल्या दोन दारांच्या कड्या बसवून आला होता.

आज सह्यांच्या वेळी शेजारीणबाईंनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. “मी साक्ष करायची आणि उद्या माझ्याच कपाटात साप निघायचा! नको गं बाई!” दुसरा साक्षीदार आणायचा कुठून? दादानं पेन मागितलं. वकील म्हणाले, “तुमची सही चालणार नाही. ज्याला यातून काही मिळतं, त्यानं साक्ष करू नये.”

“मग माझं कलम खोडा.”

“दादा, अरे खोली तुझी आहे.”

“खोली मिळाली तर मी तिथे रेडिओ लावून बसणार, मोठ्यांदा. ती बिचारी जनावरं माझ्या आवाजाला सरावली तर जंगलात जाऊन बातम्या शोधतील. खोड म्हणतो ना!”

वकिलांनी खोडलं, मी शेजारी सही केली. पुढची खोलीसुद्धा आता केंद्राची. हत्यारं मात्र मी तिथल्या तिथे दादाच्या हातात ठेवली. जिवंत माणसानं काय द्यावं यावर वकिलांचं काही चालत नाही.

हे सर्व मी वाचलं, मला कळलं, आणि दुरुस्तीसह कबूल आहे.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे तोच.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले, केंद्राला पट्ट्या पुरवणारे.
२. थोरला भाऊ. या मृत्युपत्रातून त्याला काहीही मिळत नाही.