आधी पांघरूण काढा

प्रिय मिरची,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. फोन कापता येतो, पत्राचं तसं नसतं. आणि भिऊ नकोस, उपदेश करणार नाही. एका आजारी गाडीची हकिगत आहे, दोन नर्सांनी वाचावी अशी.

आपल्या हॉस्पिटलनं ती जुनी डिझेल ॲम्ब्युलन्स मोडीत काढली आणि मी ती घरी आणली, हे तुझ्या सूनबाईनं तुझ्या कानावर घातलंच असेल. भाच्यानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, तीही निवृत्त, मीही निवृत्त, आमचं जमेल. सुतारानं आत पलंग आणि ओटा बसवला, खाली पाण्याची टाकी लावली आणि झाली माझी घरगाडी तयार. स्ट्रेचरशेजारचा बाक मात्र मी काढू दिला नाही. त्याच्यावर तू डुलक्या काढायचीस आणि मेट्रनबाई येताना दिसल्या की मी खोकायचे. पडदे मी शिवले, उशा मी शिवल्या. समोरच्या जाळीवर फुलपाखरं आदळून मरायची ते बघवेना, म्हणून जुन्या मच्छरदाणीचं दुहेरी आवरण शिवून गाडीच्या तोंडावर बांधलं. काठाला निळी पट्टीसुद्धा लावली. हौसेला मोल नसतं.

सपाट रस्त्यावर बाई गुणाची. पण चढ लागला की हिला ताप भरायचा. इंजिनाच्या उष्णतेचा काटा हळूहळू लाल रेघेकडे सरकायचा. आणि मला तर एकच चढ महत्त्वाचा होता, तुझ्या गावाचा. भाऊजी गेले तेव्हा मी बसनं आले, तू भिंतीकडे तोंड करून पडलेली होतीस, आणि परतीच्या बससाठी मला तशीच तुला सोडून निघावं लागलं. पुन्हा येईन तर आपल्या गाडीनं आणि मुक्कामाला, असं तेव्हाच ठरवलं होतं.

आमच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि त्याचं वागणंही तसंच. आधी तपासण्या. इंजिन थंड असताना झाकण उघडून रेडिएटरचं पाणी बघितलं, पट्टा दाबून बघितला, कुठे गळती नाही ना ते बघितलं. इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारी झडप असते, तीही बदलली. मग मला शेजारी बसवून गॅरेजमागची टेकडी दोनदा चढला. काटा जागचा हलला नाही. घरी येऊन मी चढावर नेली, तर पुन्हा ताप. परत गॅरेजात, परत काही नाही. शाळा बुडवायला पोट धरून येणाऱ्या मुलांकडे आपण बघायचो ना, तसा तो माझ्याकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, मावशी, चढावर एसी बंद ठेवा, खालच्या गिअरमध्ये चालवा, आणि तरी काटा चढलाच तर हीटर पूर्ण सोडा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येईल.

आली ना. भर दुपारच्या उन्हात, खिडक्या उघड्या टाकून, हीटर लावून मी तुझ्या घाटाला लागले. दुखणं तिचं आणि घाम मला. ट्रकवाले वाकून वाकून बघत होते. तरीही अर्ध्यात काटा लाल रेघेला टेकला. बाजूला घेतली, इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं आणि दगडावर जाऊन बसले. खरं सांगते, रडायला आलं. इथूनच मागे फिरावं लागणार असं वाटलं.

मग मनाशी म्हटलं, अगं, जन्म तापाच्या रोग्यांत गेला तुझा, जरा नर्ससारखा विचार कर. ताप कधी येतो? चढावर. कधी येत नाही? डॉक्टरकडे. डॉक्टरकडे नेताना मी वेगळं काय करते? तर गाडीला आंघोळ घालते. रोगी कधी अंघोळीशिवाय डॉक्टरपुढे नेलाय आपण? आणि आंघोळ घालताना ते मच्छरदाणीचं आवरण काढून धुवायला टाकते, ते वाळतं माझ्या दोरीवर, आणि परत आले की कडक इस्त्री करून तिच्या तोंडावर बांधते. चढावर इंजिनाला सगळ्यात जास्त वारा हवा असतो, आणि तेव्हाच मी तिचं नाक दाबून धरलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मेट्रनबाई काय ओरडायच्या आठवतं? औषधाचं नंतर बघू, ताप आलाय ना, आधी पांघरूण काढा. काढलं. आत कापसासारखा धूळ-बियांचा थर बसला होता, तो ब्रशनं हलक्या हातानं झाडला. इंजिन निवल्यावर पाणी बघितलं आणि निघाले. हीटर बंद, काटा मध्यावर, आणि मी घाटभर मोठमोठ्यानं गात होते. माझा आवाज तुला माहीत आहे, त्यामुळे रस्ता मोकळा मिळाला.

आता खरं सांगते. हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. तुझ्या गल्लीत, तुझ्या खिडकीखाली, त्याच बाकावर बसून लिहितेय. सूनबाईला खालीच गाठलं, ती चहाबरोबर हे वर आणून देईल. ती सांगते की तू पडदे उघडू देत नाहीस आणि एवढ्या उकाड्यात डोक्यावरून चादर घेऊन पडतेस. भाऊजींसारखा माणूस गेला, त्याचं दुःख मला काढता येणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. मलाही त्यांची आठवण येते. पण पुढच्या घाटांत काट्याकडे लक्ष ठेवायला मला शेजारी कुणीतरी हवंय, आणि तुझ्याइतका ताप कुणाला कळतो? बाक पुसून ठेवलाय. बाकीचं सगळं नंतर बघू, मिरचे. आधी पांघरूण काढ.

खाली वाट बघणारी, तुझीच
भोपळा