गणपतीत कुणाला ताप येत नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. चिडून कसली, हादरून. मालगुंडच्या अलीकडची ती वाडी आठवते ना, जिथे तुम्ही घरोघर फिरून ताप आलेल्यांच्या बोटातून रक्त घ्यायचात? तिथला हिवताप किती कमी झाला हे मोजायचं काम आता माझ्याकडे आहे. तुमच्या काळापासूनचे आकडे लावले तर दर गणपतीत ताप शून्यावर. मुंबईचे चाकरमानी येतात, घरं भरतात, जागोजागी पाणी साचलेलं, आणि ताप तेवढा गायब. आम्ही म्हटलं, फवारणी फळली, मच्छरदाण्या फळल्या. आता तिथे नव्या मच्छरदाण्या नकोत, असं मी अहवालात लिहूनही टाकलं होतं.

परवा, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, मुद्दाम तिकडे गेले. एका घरात मखराच्या पलीकडे मुंबईहून आलेला मुलगा गोधडीत कुडकुडतोय. मी सुई काढली तर त्याची आई आडवी आली. "बाय, गणपती घरात हायत. आता रगत नको. तुजे बापूस पन सणात कदी टोचायचे नाय." मग तिने कौतुकाने सगळं सांगितलं. सणात तुम्ही नुसत्या गोळ्या द्यायचात आणि विसर्जन झालं की रक्ताला यायचात. तुमच्यामागून आलेल्यांनी तीच रीत धरली. अहो, गोळ्या पोटात गेल्यावर रक्तात जंतू सापडणार कुठून? ताप होता, अण्णा. दर गणपतीत होता. आपण तो मोजलाच नाही.

मला आपलं स्वयंपाकघर दिसतंय. तुम्ही पाटावर बसून काचपट्ट्या पुसताय, मी एक मधोमध धरते आणि तुम्ही खेकसता, कडेला धर, बोट उमटलं तर जंतू दिसेल का? एका बोटाच्या ठशासाठी मला रडवणारा माणूस अख्ख्या सणाचं रक्त सोडून देतो? सांगायचं कुणाला, आपलेच दात, आपलेच ओठ. त्या बाईला तुम्ही देवमाणूस वाटता. सणासुदीला घरात तंटा नको, माणूस बरा झाला म्हणजे झालं, असं म्हणायचात म्हणे. माणसं बरी झाली, तेही खोटं नाही. पण त्या शून्याच्या जोरावर मी त्यांच्या मच्छरदाण्या बंद करायला निघाले होते.

काल अहवाल बदलला. मच्छरदाण्या हव्यात, असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, मग इतकी वर्षं आपण नक्की काय कमी केलं? मी म्हटलं, मला माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हालाच सांगते. आज सकाळी आपल्या घरात आरती चालू असताना मला हुडहुडी भरली. आरतीला आलेल्या आमच्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या सुई आणायला निघाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आज नको हो, विसर्जन झालं की या." त्या बरं म्हणाल्या आणि गोळ्या ठेवून गेल्या. मी त्या घेतल्यासुद्धा.