साडू आणि सात नंबरचा भाग

३ मार्च
साडू लॅबचा हेड झाला. मला पाच वर्षं ज्युनियर! आल्या आल्या म्हणाला, महिनाअखेर रिव्ह्यू आहे, काही निघालं नाही तर तुमचा प्रोजेक्ट बंद करून तुम्हाला स्टोअरला पाठवावं लागेल. वर 'दादा' म्हणाला. आजपासून शपथ. माझ्या प्रोजेक्टमधल्या या कडू पाल्यातून चरबी फोडणारं द्रव्य वेगळं काढायचं आणि त्याच्या नाकावर टिच्चून दाखवायचं.

४ मार्च
पाला सावलीत तीन आठवडे वाळवावा लागतो. सूडाला सवड नाही. दुकानातून याच पाल्याचा तयार अर्क आणला. दुकानदार काहीतरी सांगत होता. ऐकायला थांबलो नाही.

११ मार्च
अर्काचे बारा भाग पाडले. एकेक भाग आता चरबीच्या पेशींवर टाकायचा. चरबी फुटली की ग्लिसरीन सुटतं. मशीन ते मोजतं.

१३ मार्च, दुपारी ४
सात नंबर! मशीनचा आकडा वर जाऊन अडकला. साडूच्या केबिनवरून तीनदा विनाकारण गेलो.

१४ मार्च
सात नंबर जिभेला लावला. (नियमात बसत नाही. नियम साडूचे.) चक्क गोड! पाला कडू जहर. म्हणजे खरा गुण कडूपणाखाली दडला होता. तो मी शोधला.

१७ मार्च
साडूनं विचारलं, पेशी न घालता नुसता सात नंबर मोजून पाहिलात का? जळतोय मेला. पेशीच नसतील तर चरबी कुणाची फुटणार, त्याची? मुद्दाम नाही केलं.

२२ मार्च
सात नंबर ओळख पटवायला बाहेर पाठवला. रिव्ह्यूचं भाषण आरशासमोर म्हटलं. बायको म्हणाली, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो, जरा बेतानं घ्या. बेतानंच घेणार. आधी घाम फोडीन, मग माफ करीन.

२९ मार्च
रिपोर्ट आला. सात नंबर म्हणजे ग्लिसरीन. शुद्धता नव्व्याण्णव टक्के. दुकानातला अर्क ग्लिसरीनमध्येच मुरवलेला होता. बाटलीवर लिहिलंय, पण अक्षर बारीक आहे. रिपोर्टवर माझ्याआधी साडूची सही, म्हणजे त्यानं वाचलाय.

३१ मार्च
रिव्ह्यू. भाषण खिशात. मी उठायच्या आत साडू उठला. म्हणाला, मशीन जुनं झालंय, आकडे भरवशाचे नाहीत, दादांना आणखी दोन महिने द्या. सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलला, माझ्यासाठी. माणूस इतका नीच असेल असं वाटलं नव्हतं.
मला दोन शब्द बोलायला सांगितले. आभार मानले. तोंडातून 'साहेब' निघून गेलं.