खालच्या ढेपेला विचारा

स्वित्झर्लंड,
ता. १८ जुलै १९४९

तीर्थस्वरूप दादांस कृष्णातचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आबांचा खोकला कसा आहे? शालूवहिनींची चटणी पुरवून पुरवून खातो आहे. इथलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य.

आबा सांगलीच्या पेठेत सांगतात म्हणे, "आमचा कृष्णात बर्फाच्या कारखान्यात हाय." सांगू द्या. डोंगरावरून बर्फाची नदी दिवसाला वीतभर सरकते आणि मी ती मोजत बसतो, हे कळलं तर त्यांना माझीच काळजी लागेल.

पण एक गंमत झाली. वर्षभर माझं गणित जुळत नव्हतं. भार दुप्पट तर सरकणंही दुप्पट, असं मी धरून चाललो होतो आणि बर्फ काही ऐकेना. मग आपल्या कडेगावच्या गुऱ्हाळातली गुळाची थप्पी आठवली. पावसाळ्यात वरच्या ढेपा टणक, कोरड्या. तळची मात्र पार बसलेली. आबा म्हणायचे, "वरच्या ढेपेला काय इचारताय रं? खालच्या ढेपेला इचारा." म्हणून बर्फात खोल भोक पाडून तळाशी मोजलं. तिथं भार जरा वाढला की सरकणं कितीतरी पटींनी वाढतं. गुळाचं सांगितलं तेव्हा आमचे प्राध्यापक खूप हसले, आणि मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्यांनी मला इथं पाच वर्षांची नोकरी देऊ केली आहे. याला तीन आठवडे झाले. मागच्या दोन्ही पत्रांत मी नुसतं 'दिवाळीला येतो' लिहिलं.

दादा, तुम्ही सातवीत पहिले आला होता. आबांचा हात रसाच्या उकळत्या काहिलीत भाजला आणि दुसऱ्या दिवशी तुमचं दप्तर माझ्या गळ्यात अडकवून तुम्ही गुऱ्हाळात गेलात. "शीक रं तू, मी हाय," म्हणालात. तुम्हाला काय हवं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मला राहायचं आहे. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच. तुम्ही 'ये' लिहिलंत तर येईन, आणि तोंड वाकडं करणार नाही. फक्त सवयीनं 'मी हाय' लिहू नका. आबांना हे वाचून दाखवायच्या आधी, तुमचं तुम्ही उत्तर लिहा.

तुमच्या जिवावर कोरडी राहिलेली वरची ढेप,
कृष्णात