रेडिएटरमधली हवा आणि सुमीआत्याचं पत्र

वेनिंग,

‘दादा, अजून रागावला आहेस का?’ असं सुमीआत्याने चार वर्षांपूर्वी पत्रात विचारलं होतं. मी उत्तरच दिलं नाही.

आज दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडीचं नाक अंगणातल्या चढावर केलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि इंजिन चालू ठेवून शेजारी बसलो. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी सावकाश वर येत होती. संपली म्हणावं, तर आणखी एक. बघता बघता दुपार झाली, आणि मांडीवर आत्याला पत्रही लिहून झालं: रविवारी मी आणि वेनिंग क्लातेनला तुझ्या घरी येतो.

झाकण लावलंय. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नकोस. मग पाणी बघ. जेवायला सोयाबीनचं तेंपे तळून झाकून ठेवलंय.

‘पुस्तक वाचून गाडी दुरुस्त होते का हो, बाबा?’ म्हणशील. मलाही शंकाच आहे. म्हणून तर गाडी चालवून बघायच्या आधीच पत्र पेटीत टाकून आलो.

– बाबा