औषध बंद

अकोला, ५ डिसेंबर २०२४

ती. रूपालीताईस,
निताचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको. फोनवर मी भांडते न् मधातच फोन कापते, म्हणून इथल्या समुपदेशक मॅडमनं सांगतलं, मनातलं कागदावर लिही, एक दिवस ठेव, मंग टपालपेटीत टाक.

खबर अशी का मनाच्या नव्या डॉक्टरनं माह्यं औषध बंद केलं! लय आनंद झाला. मायले लगेच सांग. माया असू दे.

तुह्यी, निता


इंझोरी, १० डिसेंबर

चि. नितास,
अनेक आशीर्वाद.

काय लिहितं वं तू! माय आयकून खालीच बसली. आबाच्या वेळेस डॉक्टरनं हेच म्हटलं होतं, औषध बंद, घरी न्या. घरी आणले न् ते गेले. मायनं मंगरूळपीरवरून मामाले बोलावलं, शेजारची रामीबाई येऊन रडली, न् मायनं तुह्यासाठी मुगाचे लाडू वळले. पोरीनं खाऊन घ्यावं म्हणते.

फोनवर माय रडते न् तू कापते, म्हणून लाडू न् पत्र तुह्या भाऊजीच्या हातानं धाडते. डॉक्टरनं हात टेकले काय? लपवू नको. शेतातली तूर सोंगाची राह्यली तरी मी येते. जिवाले जप.

तुह्यी ताई


अकोला, १२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

अवं, मी मरून नाही राह्यली! भाऊजीसमोर पोट दुखेपर्यंत हसली, मंग रडली.

झालं असं, डॉक्टरनं आधी गोळ्या पाह्यल्याच नाही. झोप कशी, उदास कधीपासून, जीव द्यायचं मनात येते काय, सारं इचारलं. मंग माह्या गोळ्या टेबलावर मांडून एकेकीचं इचारलं, ही कायसाठी, हिच्यानं फरक काय पडला? मले धड सांगताच येईना. ते म्हणे, "माणसं सोडून जातील या भेवानं तू भडकते, त्या व्यक्तिमत्त्वाच्या आजारावर खास गोळी नाही. ते मॅडमजवळ बोलून, शिकून बदलते. उदासी वेगळी, तिच्यापुरती एक गोळी ठेवू." बाकीच्या ते हळूहळू कमी करणार, मी मनानं सोडायच्या नाही. मंजे बंद काहीच झालं नव्हतं. मीच उड्या मारत लिहिलं न् त्याच घडीले पेटीत टाकलं.

ताई, मले नेहमी वाटे, मी गेली तर कोनाले काय फरक पडते? न् तुमी सारा गोतावळा जमवून बसले! मायले सांग, लाडू संपले, अजून धाड. तुमच्या मायेत मले ठेवा.

तुह्यी, निता

ता. क. हे पत्र एक दिवस ठेवलं. एकही शब्द खोडावा वाटला नाही.